अठ्ठेचाळीस तासांचे वाक्य : बाळंतपणाचा पैसा आणि त्याचा उशीर

प्रसूती लाभ अधिनियम, १९६१ याच्या सहाव्या कलमात एक वाक्य आहे. स्त्री कामगाराने गरोदरपणाचा पुरावा सादर केला की प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या काळाची रक्कम मालकाने तिला आगाऊ द्यावी, आणि प्रसूती झाल्याचा पुरावा मिळाल्यापासून अठ्ठेचाळीस तासांच्या आत पुढच्या काळाची रक्कम चुकती करावी, असा त्याचा आशय आहे. कायद्यांत पैसे देण्याची मुदत सहसा दिवसांत किंवा महिन्यांत सांगितलेली असते. येथे ती तासांत सांगितली आहे. ज्याने कुणी हे वाक्य रचले त्याला बाळंतिणीची निकड ठाऊक होती, याविषयी शंका नको.

आणि तरीही बाळंतपणाच्या रजेचा पैसा ‘अडकणे’ हा आपल्याकडचा इतका परिचित अनुभव आहे की त्याचे कुणाला नवल वाटत नाही. मूल रांगू लागले तरी आईचा अर्ज टेबलावरच असतो. याचे नेहमीचे स्पष्टीकरण एका ओळीचे असते : कायदा चांगला, अंमलबजावणी वाईट. हे स्पष्टीकरण खोटे नाही. परंतु ते फार लवकर समाधान पावते. साहित्याच्या अभ्यासकाला एक सवय असते, किंबहुना असावी : संहितेने काय म्हटले याबरोबरच ती कोणत्या शब्दांत, कोणत्या क्रमाने म्हणाली हे पाहण्याची. तीच सवय या कायद्यांच्या इतिहासाला लावून पाहावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की उशीर हा कायद्याच्या बाहेर, कारकुनाच्या आळसात जन्मतो एवढेच खरे नाही; तो कायद्याच्या भाषेतच एक जागा राखून बसलेला असतो. ती जागा कोठे आहे, ती केव्हा तयार झाली आणि तिच्याशी झगडताना लोकांनी काय काय केले, हे पाहण्यासाठी सुमारे शंभर वर्षे मागे, मुंबईच्या गिरणगावात जावे लागेल.

१९२० च्या दशकातील गिरणी कामगाराच्या आयुष्यात उशीर ही रोजच्या व्यवहाराची अट होती. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या दहा ते पंधरा तारखेच्या सुमारास हाती पडे. म्हणजे नव्याने कामाला लागलेल्या माणसाने सहा आठवडे उधारीवर काढायचे. चाळीखालचा वाणी, गिरणीच्या फाटकाशी पगाराच्या दिवशी उभा राहणारा पठाण सावकार आणि कामाला लावून देणारा मुकादम यांचे राज्य या सहा आठवड्यांवर उभे होते. स्त्रिया प्रामुख्याने सूत गुंडाळण्याच्या खात्यांत असत आणि त्यांच्यावर ‘नायकीण’ असे. काम मिळवायचे तर तिची दस्तुरी चुकवावी लागे. पोटाशी आलेली बाई शेवटच्या दिवसांपर्यंत यंत्रापाशी उभी राही, कारण घरी बसली तर मजुरी बंद आणि जागाही जाण्याची भीती. बाळंतपणानंतर ती लवकर परते, तीही त्याच कारणाने. मूल झोपून राहावे म्हणून त्याला अफू घातलेली ‘बाळागोळी’ चाटवण्याची चाल होती; मुंबई सरकारने याच काळात गिरणीतील स्त्रियांच्या प्रकृतीची पाहणी करवली तेव्हा सरकारी कागदांतही ती नोंदली गेली.

आपल्या घरोघरच्या रिवाजात बाळंतिणीला सव्वा महिना आहे. या सव्वा महिन्यात तिने काम करायचे नाही, शेक घ्यायचा, डिंकाचे लाडू खायचे. पुढे कायद्याने बाळंतपणानंतर सक्तीच्या विश्रांतीसाठी सहा आठवडे ठरवले, म्हणजे बेचाळीस दिवस. सव्वा महिना आणि सहा आठवडे यांत फरक फार तर चार-पाच दिवसांचा. कामगार स्त्रीच्या विश्रांतीची कल्पना परदेशातून आली असा आक्षेप त्या काळी घेतला जाई, तेव्हा तिच्या मोजमापाशी आपला रिवाज इतका जुळतो हे कुणाच्या फारसे लक्षात आले नसावे. गिरणीतल्या बाईजवळ रिवाज होताच. तो पाळण्यापुरती मजुरी तिच्याजवळ नव्हती.

१९१९ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी तेथे हजर होते. मुंबईत सोशल सर्व्हिस लीगच्या कामातून त्यांना चाळींची आणि गिरण्यांची खडान् खडा माहिती होती. या अधिवेशनात मातृत्व संरक्षणाचा जो करार संमत झाला, त्यात प्रसूतीपूर्वी सहा आणि नंतर सहा आठवड्यांची तरतूद होती. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने त्याहून मोलाचे एक उपवाक्य त्यात आहे. प्रसूतीची तारीख ठरवण्यात वैद्याची चूक झाली तरी, दाखल्याच्या तारखेपासून प्रत्यक्ष प्रसूतीपर्यंतच्या काळाचा लाभ त्या स्त्रीला नाकारता येणार नाही, असे ते सांगते. हे उपवाक्य लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट ओळखली होती. बाळंतपणाची तारीख कुणाच्याही हाती नसते, आणि कागदावरची तारीख व देहाची तारीख यांत अंतर पडणारच. ते अंतर कुणाच्या खात्यावर मांडायचे? कराराने उत्तर दिले : बाईच्या खात्यावर नाही. पुढच्या सगळ्या कायद्यांची परीक्षा या एका प्रश्नावर घेता येते. भारताने त्या करारास मान्यता दिली नाही.

जोशींनी १९२४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आणले. कारखाने, खाणी आणि मळे यांतील स्त्रियांसाठी ते होते. १९२५ मध्ये ते फेटाळले गेले. मग प्रश्न प्रांतांकडे आला. मुंबई विधिमंडळात आर. एस. आसवले यांनी विधेयक मांडले आणि जुलै १९२८ मध्ये त्यावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यास पाठिंबा दिला. त्यांच्या मांडणीचा गाभा लक्षात घेण्याजोगा आहे. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. म्हणून हा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलायला हवा, हे त्यांनी मान्य केले. परंतु सरकार तो उचलत नाही म्हणून मालक मोकळा होतो, असे त्यांनी मानले नाही. स्त्रियांना कामावर ठेवण्यात ज्याचा फायदा आहे, त्याने त्या फायद्याबरोबर येणारी जबाबदारीही घेतली पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

त्यातून मुंबईचा प्रसूती लाभ कायदा १९२९ साली झाला. आठ आणे रोज हा त्याचा दर आणि देणेकरी मालक. पुढच्याच वर्षी, १९३० मध्ये, मध्य प्रांतात, म्हणजे आजच्या विदर्भासह, तसाच कायदा आला. १९२९ मध्ये नेमलेल्या राजेशाही कामगार आयोगाने १९३१ च्या आपल्या अहवालात या धर्तीचे कायदे इतर प्रांतांनीही करावेत अशी शिफारस केली. जोशी त्या आयोगाचे सदस्य होते.

देणेकरी कोण, या प्रश्नाचा उशिराशी थेट संबंध आहे. सरकार किंवा विमा निधी देणेकरी असेल तर उशीर ही कचेरीची सवय ठरते. त्यातून कुणाच्या खिशात काही पडत नाही. मालकच देणेकरी असेल तर उशीर ही त्याची बचत होते. आज दिले नाही तर उद्या कदाचित द्यावेच लागणार नाही, कारण तोवर बाई गावी गेलेली असेल, दुसऱ्या गिरणीत लागलेली असेल किंवा थकून नाद सोडून देईल. हक्क मिळण्यासाठी ठरावीक काळ सलग नोकरी झालेली असणे आवश्यक होते, आणि हजेरीपत्रक मालकाच्याच ताब्यात होते. गरोदरपण दिसू लागताच बाईला कमी करणे, बदलीवर ठेवून नोकरीत खंड दाखवणे, या युक्त्यांविरुद्ध कामगार संघटना पुढची अनेक वर्षे तक्रारी करीत राहिल्या.

त्यात आपल्या समाजाची एक गोष्ट मिसळली. गिरणगावातील कुटुंबे बहुतांशी कोकणातली आणि घाटावरची. बाळंतपणासाठी, विशेषतः पहिल्या, मुलगी माहेरी जाई. पैसा परळ-लालबागच्या गिरणीत आणि बाळंतीण रत्नागिरीच्या किंवा साताऱ्याच्या एखाद्या गावी. जन्माची नोंद गावच्या दप्तरात, सुईणीच्या सांगण्यावरून झालेली. तो दाखला मुंबईत यायचा, मालकाच्या कारकुनाने तो ग्राह्य धरायचा आणि मग पैसे गावी पोहोचायचे. कायद्याने धरून चाललेली बाई फाटकापासून हाकेच्या अंतरावर बाळंत होत होती, आणि प्रत्यक्षातली बाई बोटीच्या वा रेल्वेच्या प्रवासाइतकी दूर होती. येथे कुणीही दुष्टपणा केला नाही तरी उशीर होणारच होता.

१९३६ साली पगाराच्या उशिरावर स्वतंत्र कायदा आला. वेतन प्रदान अधिनियमाने हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्यास पुढच्या महिन्याच्या सातव्या आणि त्याहून मोठ्या कारखान्यास दहाव्या दिवसापर्यंत पगार देणे बंधनकारक केले. येथे एक भेद टिपून ठेवू. पगाराच्या मुदतीचे घड्याळ कशाने सुरू होते? महिना संपल्याने. कामगाराने काहीही सादर करावे लागत नाही. कॅलेंडरच त्याच्या बाजूने साक्ष देते. प्रसूती लाभाचे घड्याळ बाईने सादर केलेल्या पुराव्याने सुरू होते. दोन्ही रकमा मजुरीच्याच हिशेबाने मोजलेल्या. परंतु एक आपोआप देय होते आणि दुसरी मागितल्यावर.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना प्रा. बी. पी. आडारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार केली. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्ली येथे योजना सुरू झाली आणि १९५४ मध्ये ती नागपूर व मुंबईत पोहोचली. मालक आणि कामगार दोघांची वर्गणी एका निधीत जमा व्हायची आणि बाळंतपणाचा पैसा त्या निधीतून द्यायचा. उशिरातून मालकाची बचत होण्याचा मार्ग यामुळे, निदान विमाधारक स्त्रियांपुरता, बंद झाला. १९२८ च्या वादातला अर्धा प्रश्न असा सुटला. उरलेला अर्धा कचेरीत शिरला.

या योजनेची १९५० ची विनियमावली आमच्या मते उशिराच्या इतिहासातला सर्वांत वाचनीय दस्तऐवज आहे. कोणता लाभ किती दिवसांत द्यावा याची यादीच तीत आहे. आजारपणाचा लाभ सात दिवसांत, अंत्यविधीचा खर्च पंधरा दिवसांत, प्रसूती लाभाचा पहिला हप्ता चौदा दिवसांत. हे सगळे स्वच्छ आणि माणुसकीचे आहे. परंतु चौदा दिवस मोजायचे कशापासून? दाखले आणि अन्य कागदांसह मागणी ‘सर्व बाबतींत परिपूर्ण’ अशी योग्य कचेरीत दाखल झाल्यापासून.

‘परिपूर्ण’ हा शब्द मराठी वाचकाने थोडा वेळ जिभेवर घोळवून पाहावा. कलाकृतीविषयी तो आपण फार जपून वापरतो. अर्जाविषयी तो येथे मुदतीची पूर्वअट म्हणून आला आहे. अर्ज परिपूर्ण आहे की नाही हे अर्जदार ठरवत नाही. ज्याने चौदा दिवसांत पैसे द्यायचे आहेत तोच ठरवतो. एका रकान्यात तारीख नाही, सहीच्या जागी अंगठा आहे पण त्याला साक्ष नाही, दाखल्यावर नाव एक आणि कार्डावर दुसरे. यांतले काहीही निघाले की अर्ज अपूर्ण, आणि अर्ज अपूर्ण असेल तर चौदा दिवस सुरूच झालेले नाहीत. जे सुरू झाले नाही ते संपणार कसे? म्हणून अशा उशिराची नोंद ‘उशीर’ म्हणून होतच नाही. कचेरीच्या लेखी सगळे वेळेवर चाललेले असते आणि बाईच्या लेखी तिसरा महिना उलटलेला असतो. दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात.

ही रचना केवळ आपल्याच कचेऱ्यांची आहे असे नव्हे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २००२ साली सवेतन कौटुंबिक रजेचा कायदा केला आणि १ जुलै २००४ पासून लाभ देण्यास सुरुवात केली. तेथेही पैसा कामगारांच्या वर्गणीच्या निधीतून येतो, आणि तेथेही संबंधित खाते साधारण दोन आठवड्यांचा वायदा करते तो ‘नीट पूर्ण भरलेला’ अर्ज मिळाल्यानंतरचा. अर्ज रजेच्या पहिल्या दिवसाआधी करता येत नाही आणि एकेचाळीस दिवसांनंतर केला तर उशिराचे कारण द्यावे लागते. दोन खंडांतल्या, अर्ध्या शतकाच्या अंतराने लिहिलेल्या दोन व्यवस्थांनी तेच चौदा दिवस आणि तीच पूर्वअट निवडली आहे. अर्जदाराने उशीर केला तर त्याला नाव आहे. कचेरीच्या उशिराला मात्र आधी अर्जाच्या पूर्णत्वाचा उंबरा ओलांडावा लागतो.

आता १९६१ च्या कायद्याकडे परत येऊ. विमा योजना जेथे पोहोचली नव्हती तेथील स्त्रियांसाठी तो होता आणि त्यात देणेकरी पुन्हा मालकच होता. बहुधा म्हणूनच त्याची भाषा अधिक सावध आहे. सहाव्या कलमाप्रमाणे बाईने लेखी सूचना द्यायची, पैसा कुणाला द्यावा ते लिहायचे आणि या काळात अन्यत्र काम करणार नाही असे सांगायचे. प्रसूतीपूर्वी सूचना देणे जमले नाही तर नंतर शक्य तितक्या लवकर द्यावी, अशी सवलत आहे. आणि पुढे आणखी एक पोटकलम आहे : सूचना मुळीच दिली नाही तरी, अन्यथा ती पात्र असेल तर तिचा हक्क जात नाही, निरीक्षक स्वतःहून वा तिच्या अर्जावरून रक्कम देण्याचा आदेश काढू शकतो. वॉशिंग्टनच्या त्या उपवाक्याचा वारसा आम्हांला येथे दिसतो. कागदातली चूक बाईच्या खात्यावर मांडायची नाही, हे तत्त्व येथे मान्य झाले. सतराव्या कलमाने तक्रारीवरून चौकशी करण्याचे आणि पैसे देण्यास भाग पाडण्याचे अधिकार निरीक्षकास दिले. एकोणिसाव्या कलमाने या कायद्याचा गोषवारा स्थानिक भाषेत कामाच्या ठिकाणी लावणे सक्तीचे केले. साहित्याच्या वर्गात आपण मराठी गद्याचे नमुने शिकवतो. गिरणीच्या आणि कारखान्याच्या भिंतीवर स्त्रियांसाठी लावायचे हे गद्य कुणी वाचले, कुणाला समजले, हाही मराठी वाचनाच्या इतिहासातला एक प्रश्न आहे.

एक गोष्ट मात्र या सावध कायद्यात नाही. उशिराला किंमत नाही. अपघाताच्या नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा. भरपाई थकली तर व्याज आणि दंड, अशी दुरुस्ती त्यात १९५९ साली झाली. ग्रॅच्युइटीचा कायदा १९७२ चा; त्यात उशिरावरील व्याज १९८७ च्या दुरुस्तीने आले. प्रसूती लाभाच्या कायद्यात १९८८ मध्ये दुरुस्ती झाली आणि पात्रतेचे दिवस एकशे साठवरून ऐंशीवर आले. २०१७ मध्ये रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. दोन्ही सुधारणा मोलाच्या आहेत. परंतु व्याजाचे कलम दोन्ही वेळा आले नाही. शिक्षेचे कलम आहे; ते मालकाला दंड वा कैद देते, बाईला तिच्या गेलेल्या वेळेचे काही देत नाही. रजेची लांबी वाढवण्याकडे सर्वांचे लक्ष गेले, पैसा येण्याच्या वेळेकडे गेले नाही.

या कायद्याखालचा एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दक्षिणेतील एका मळ्यावरच्या कामगार स्त्रीची प्रसूती १९६७ मध्ये झाली. लाभ बारा आठवड्यांचा. पण आठवडा म्हणजे सहा दिवस की सात? मालकाचे म्हणणे, रविवारी काम नसते म्हणून मजुरीचे दिवस बहात्तर; तिचे म्हणणे, चौऱ्याऐंशी. कोईमतूरच्या कामगार न्यायालयापासून निघालेला हा वाद ऑक्टोबर १९७७ मध्ये संपला आणि तिच्या बाजूने संपला. आठवडा सात दिवसांचा असतो, बाळंतीण रविवारीही बाळंतीणच असते, आणि कामगार कल्याणाच्या कायद्याचा अर्थ तिला पुन्हा उभे राहण्याचे बळ मिळेल असा लावायचा, असे त्या निकालाचे तात्पर्य. निकाल उत्तम आहे. नंतरच्या सगळ्या स्त्रियांना तो उपयोगी पडला. परंतु बारा रविवारांच्या मजुरीला दहा वर्षे लागली. अठ्ठेचाळीस तासांचे वाक्य त्या दहा वर्षांत पुस्तकात होतेच.

पुढे दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरील स्त्रियांचा प्रश्न न्यायालयासमोर आला. रस्त्यांवर खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या या बायका वर्षानुवर्षे रोजंदारीवर होत्या. त्या कायम नोकर नाहीत म्हणून त्यांना लाभ नाही, ही पालिकेची भूमिका होती. ८ मार्च २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. कायदा होऊन तेव्हा जवळजवळ चार दशके झाली होती. उशीर जसा एका अर्जाचा असतो तसा एका संपूर्ण वर्गाचाही असतो.

या इतिहासात लोकांनी उशिराशी झगडताना कोणती साधने वापरली, हे एकत्र मांडून पाहिले तर ती फार थोडी आणि फार साधी आहेत. पहिले साधन पोच. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतली की घड्याळ कुठून सुरू झाले याचा पुरावा बाईच्या हाती राहतो. तोंडी ‘ठेवून जा’ म्हणणाऱ्याला तोच नको असतो. दुसरे, त्रुटी लेखी मागणे. काय कमी आहे ते एकदाच आणि कागदावर कळले की ‘परिपूर्ण’ या शब्दाचा विस्तार थांबतो. तिसरे निरीक्षक, ज्याच्याकडे जाण्याचा हक्क बाईला १९६१ पासून आहे. चौथे संघटना. मळ्यावरच्या बाईचा खटला दहा वर्षे चालतो आणि हजेरीपटावरच्या बायकांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचतो, तो एकटीच्या बळावर नव्हे. उशीर हा एकेकटीला गाठतो आणि म्हणूनच त्याला उत्तर सामुदायिक द्यावे लागते. प्रसूती लाभाचा १९६१ चा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये विलीन झाला आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. अठ्ठेचाळीस तासांचे वाक्य तीतही आहे, आणि ते पुराव्यापासूनच सुरू होते.

असंघटित स्त्रियांची गोष्ट याहून वेगळी. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने गरोदर व स्तनदा मातांना किमान सहा हजार रुपयांचा हक्क दिला. २०१७ मध्ये प्रधानमंत्री मातृ वंदना योजना आली ती पहिल्या अपत्यासाठी पाच हजारांची, तीन हप्त्यांत. पुढे पहिल्या अपत्यासाठी हप्ते दोन झाले आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास सहा हजारांची तरतूद झाली. बुडालेल्या मजुरीची अंशतः भरपाई हा योजनेचा घोषित हेतू आहे. पण अखेरचा हप्ता मुलाच्या जन्माची नोंद आणि लसीकरणाचा पहिला टप्पा झाल्यावर द्यायचा, म्हणजे विश्रांतीचे दिवस सरल्यानंतर. येथे उशीर अपघाताने झालेला नाही, तो योजनेतच लिहिलेला आहे. भरीस नावांचा घोळ. आपल्याकडे लग्नानंतर बाईचे आडनाव बदलते, मधले नाव बदलते, काही घरांत पहिलेही बदलते. आधारवर माहेरचे, बँकेत सासरचे, दवाखान्याच्या कार्डावर हाक मारण्याचे. संगणकाला या तीन बायका वाटतात. १९३० च्या सुमारास माहेर आणि मुंबई यांच्यामधल्या अंतरात जो पैसा अडके, तो आज माहेरचे नाव आणि सासरचे नाव यांच्यामध्ये अडकतो.

शेवटी एका शब्दाविषयी. इंग्रजी कायद्यातील संज्ञेला मराठीत आपण ‘लाभ’ म्हटले आणि घेणारीला ‘लाभार्थी’. लाभ हा मराठीत नशिबाचा, कृपेचा, दर्शनाचा शब्द आहे. लाभ ‘होतो’, तो आज झाला नाही तर उद्या होईल, त्यासाठी कुणी भांडत नाही. पगार थकला की ‘थकला’ म्हणण्याचे आपले धाडस होते, कारण पगार हे देणे आहे हे भाषेनेच ठरवलेले असते. हे पैसेही मजुरीच्या दरानेच मोजले जातात. तरीही ते ‘लाभ’ झाल्याबरोबर त्यांच्या उशिराला ‘थकबाकी’ न म्हणता ‘प्रलंबित प्रकरण’ म्हणतात. नाव बदलल्याने पैसा लवकर येईल असे आम्ही म्हणत नाही. परंतु १९३६ च्या कायद्याने पगाराचे घड्याळ कॅलेंडरला जोडले आणि प्रसूती लाभाचे घड्याळ मात्र अर्जाच्या परिपूर्णतेला जोडलेले राहिले, या दोन निर्णयांमागे हीच दोन नावे उभी आहेत, असे आम्हांला वाटते.

१९६१ च्या कायद्याचे सातवे कलम सहाव्याच्या लगेच पुढे येते. लाभाची रक्कम हाती पडण्यापूर्वी स्त्रीचा मृत्यू झाला तर ती तिने सूचनेत नेमलेल्या व्यक्तीस, अशी व्यक्ती नसेल तर कायदेशीर वारसास द्यावी, असे ते सांगते. तरतूद आवश्यकच आहे, बाळंतपणात मृत्यू होतात. पण दोन कलमे ओळीने वाचणाऱ्याच्या ध्यानात एक गोष्ट येतेच. अठ्ठेचाळीस तासांचे वचन देऊन झाल्यावर, पैसा बाईपेक्षा उशिरा पोहोचला तर काय करायचे, हेही कायद्याने पुढच्याच कलमात लिहून ठेवले आहे.